‘सेट’ या शब्दाला अर्थ किती?

गिनेस बुकाच्या जुन्या आवृत्त्यांत एक नोंद हमखास सापडायची. इंग्रजीतला सर्वाधिक अर्थांचा शब्द ‘सेट’: नाम म्हणून ५८ वापर, क्रियापद म्हणून १२६, विशेषण म्हणून १०. पुढे १९८९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. तिच्यात एकट्या क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. मराठीत एवढ्या मजकुरात कादंबरी होते. आणि अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून घडत गेलेला ‘वर्डनेट’ हा संगणकीय कोश उघडावा, तर त्याच क्रियापदाचे अर्थ जेमतेम पंचवीस. यांतला एकही कोश निष्काळजीपणे केलेला नाही. मग मोजणीत एवढी तफावत का? एक अर्थ कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ठरवायचे तरी कोणी आणि कशावरून?

हा प्रश्न इंग्रजी कोशकारांना अडीचशेहून अधिक वर्षे छळतो आहे. आपल्याकडच्या वैयाकरणांना तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. आजवर त्याला जी उत्तरे दिली गेली, त्यांचा हा आढावा आहे. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो. शब्दाचे अर्थ वेगळे काढायला समानार्थी शब्दांचा उपयोग वाटतो तेवढा होत नाही. विरुद्धार्थी शब्दांचा बराच होतो. ‘सेट’ हा शब्द ही गोष्ट दाखवायला फार सोयीचा आहे, कारण तो आता आपल्याही तोंडी बसलेला आहे.

मूळ पाहिले तर शब्द साधा आहे. जुन्या इंग्रजीत ‘सेट्टान’ म्हणजे बसवणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचे हे प्रयोजक रूप. संस्कृतात याच कुळातला ‘सद्’ धातू आहे: सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. सदन, परिषद, संसद, उपनिषद हे सगळे ‘सेट’चे लांबचे भाऊबंद. रूपाने नसला तरी व्यवहाराने त्याचा मराठीतला जोडीदार ‘बसवणे’ हाच आहे. अंगठीत हिरा बसवतात, निखळलेले हाड बसवतात. इंग्रजीतही या दोन्ही कामांना ‘सेट’च लागतो. पण दोघांच्या वाटा थोड्याच अंतरावर फुटतात. आपण नाटक बसवतो, कर बसवतो, गणपती बसवतो. तिथे इंग्रजीला वेगवेगळी क्रियापदे शोधावी लागतात. उलट इंग्रजीत सूर्य ‘सेट’ होतो, कारण जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सूर्याचे आसनाकडे जाणे म्हणत. आपला सूर्य बसत नाही. तो मावळतो किंवा बुडतो. आपला बसतो तो घसा, आणि त्याच्याशी ‘सेट’चा काही संबंध नाही.

गोंधळ वाढवणारी दुसरी गोष्ट अशी की, इंग्रजीत ‘सेट’ नावाचे मुळात दोन शब्द आहेत. कपबशांचा सेट, पुस्तकांचा सेट यांतला सेट बसवण्यातून आलेला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून, म्हणजे पर्यायाने लॅटिन ‘सेक्टा’वरून आला. सेक्टा म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. धर्मपंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात तो याचा सख्खा भाऊ. पुढे दोघांचा उच्चार एक झाला, लेखन एक झाले आणि ‘नीट मांडून ठेवलेल्या वस्तू’ या कल्पनेत अर्थही एकमेकांत मिसळले. आज बोलणाऱ्याला हे दोन शब्द आहेत याचा पत्ता नसतो. कोशकाराला मात्र पहिल्याच पायरीवर ठरवावे लागते: एक शब्द आणि अनेक अर्थ, की दोन शब्द आणि योगायोगाने एक रूप? अमरसिंहाने अमरकोशात ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली होती. बहुतेक ग्रंथ त्याने एका वस्तूची अनेक नावे सांगण्यात खर्च केला आणि तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ वेगळा काढून, एका शब्दाचे अनेक अर्थ शेवटच्या व्यंजनाच्या क्रमाने लावून दिले. एक शब्द की दोन, या वादात तो पडला नाही. पाठांतरासाठी लिहिलेल्या कोशाला त्याची गरजही नव्हती.

इंग्रजीत या डोकेदुखीची पहिली स्पष्ट तक्रार सॅम्युअल जॉन्सनची. १७५५ साली निघालेल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने काही क्रियापदांची यादीच दिली आहे. गेट, गिव्ह, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक अशी ही रोजच्या वापरातली मंडळी. यांचे अर्थ इतके सैल, इतके पसरलेले की त्यांना व्याख्येत कोंडता येत नाही, असे त्याचे म्हणणे. अवघड, भारदस्त लॅटिन शब्दांनी त्याला दमवले नाही. दमवले ते या चिल्लर शब्दांनी. एकट्या ‘टेक’चे त्याने शंभराहून अधिक अर्थ दिले.

जॉन्सनची ही तक्रार पुढे आकड्यांतही मांडली गेली. १९४५ साली जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने दाखवले की, शब्द जितका जास्त वापरात तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ही वाढ ढोबळमानाने वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. जास्त वापरातले शब्द आखूड असतात, हेही त्याचेच निरीक्षण. म्हणून अर्थांच्या स्पर्धेत पुढे असतात ते सेट, रन, पुट, मेक, गो असे एकाक्षरी, घरगुती, अस्सल जर्मानिक वळणाचे शब्द. व्याख्यानात शोभणारे लांबलचक शब्द एखाददुसऱ्या अर्थावर आयुष्य काढतात.

जॉन्सननंतरचा मोठा प्रयत्न ऑक्सफर्डच्या कोशाचा. त्याची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत पुढे आली, १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले, १८८४ मध्ये पहिला भाग छापून निघाला आणि काम पुरे झाले १९२८ साली. मरे १९१५ मध्येच गेले. या कोशाची कार्यपद्धती समजून घेतली की आकड्यांमागचे गुपित कळते. देशोदेशीचे स्वयंसेवक पुस्तके वाचून एकेका शब्दाचे एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत. संपादक त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करी. जी वाक्ये एका अर्थाची वाटतील ती एका गठ्ठ्यात. मरेंनी स्वतःच लिहून ठेवले आहे की अशा शब्दाचे वीस-तीस-चाळीस गठ्ठे टेबलावर किंवा जमिनीवर पसरून ते तासन् तास बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखे इकडून तिकडे हलवत बसावे लागते, तेव्हा कुठे अर्थांचा क्रम लागतो. आपण कोशात जो ‘अर्थ क्रमांक ३७’ वाचतो, तो मुळात जमिनीवरचा एक गठ्ठा असतो. दुसऱ्या कोणी बसून तेच काम केले असते तर दोन गठ्ठ्यांचा एक किंवा एकाचे तीन सहज झाले असते.

‘सेट’ला गादीवरून खाली खेचले ‘रन’ने. ऑक्सफर्डने २००० सालापासून कोशाची तिसरी आवृत्ती संगणकावर आणायला सुरुवात केली आणि तीही ‘ए’पासून नव्हे, ‘एम’पासून. त्या ओघात आधी ‘मेक’, मग ‘पुट’ पुढे गेले आणि २०११ साली ‘रन’ क्रियापदाचे ६४५ अर्थ जाहीर झाले. संपादक पीटर गिलिव्हर या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. सायमन विंचेस्टर या लेखकाने याचे एक आकर्षक स्पष्टीकरण दिले. ‘सेट’ हा स्थिर, ठरलेल्या जगाचा शब्द. यंत्रयुग आले आणि गाड्या, गिरण्या, पुढे संगणकाच्या आज्ञावली असे सगळेच ‘रन’ होऊ लागले, म्हणून धावणारा शब्द जिंकला. वाचायला छान आहे, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण ही शर्यत बरोबरीची नव्हती. ‘रन’ची नोंद नव्याने, मुबलक पुराव्यानिशी तपासली गेली होती, ‘सेट’ची तेव्हा व्हायची होती, तिचा मूळ सांगाडा पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा होता. आणि वर्डनेटमध्ये त्याच ‘रन’ क्रियापदाचे अर्थ चाळीसच्या आसपासच आहेत. म्हणजे ६४५ हा आकडा शब्दाइतकाच संपादकाच्या चिकाटीचाही आहे. (धावण्याच्या शर्यतीत पंच ‘सेट’ म्हणतो तो मात्र धावण्याच्या अगदी आधीचा क्षण. तिथे ‘सेट’ म्हणजे हलायचे नाही.)

अर्थ वेगळे काढण्याचा एक रूढ उपाय म्हणजे प्रत्येक अर्थासमोर समानार्थी शब्द लिहिणे. शाळेपासून आपल्याला हीच सवय असते. पण समानार्थी शब्दांचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी ‘समानार्थी असे काही नसतेच’ या भूमिकेतून. फ्रान्समध्ये गाब्रिएल जिरार या धर्मगुरूने १७१८ साली फ्रेंच पर्यायशब्दांमधले सूक्ष्म भेद सांगणारे पुस्तक लिहिले. इंग्रजीत जॉन्सनची स्नेही हेस्टर पिओझी हिने १७९४ मध्ये तसाच ग्रंथ काढला. दोघांचाही खटाटोप, सारखे दिसणारे शब्द कुठे सारखे नाहीत हे सांगण्याचा. ‘सेट’च्या शेजारी पुट, प्लेस, ले हे तीन शब्द ठेवून पाहावे. पुट म्हणजे नुसते ठेवणे, कुठेही. प्लेस म्हणजे जागा पाहून ठेवणे. ले म्हणजे आडवे ठेवणे. आणि सेट म्हणजे जिथे ती वस्तू असायला हवी तिथे, तिच्या कामाला लागेल अशी ठेवणे. मराठीला हे सांगायला नको. आपण पाट मांडतो, पाने घेतो, अंथरूण घालतो, भिंतीला शिडी लावतो आणि ‘ठेवणे’ हे क्रियापद उरलेल्यांसाठी राखून ठेवतो.

व्यवहारातल्या शास्त्रांनी तर समानार्थी शब्दांची फारकतच करून टाकली. सामान्य माणसाला सिमेंट ‘सेट’ होणे आणि कडक होणे एकच वाटते. बांधकामाच्या अभियंत्याला तसे वाटून चालत नाही. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटचे पहिले सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम सेटिंग ६०० मिनिटांच्या आत झाले पाहिजे. विकाटच्या उपकरणाची सुई ओल्या सिमेंटमध्ये किती रुतते यावरून हे मोजतात. सेट होणे म्हणजे फक्त लवचीकपणा जाणे. खरे बळ येते ते त्यानंतर, पाणी मारत राहिल्यावर, आणि त्याची चाचणी २८ दिवसांनी होते. ‘सेट झाले’ म्हणून कोणी लगेच स्लॅबचे टेकू काढले तर काय होईल ते सांगायला नको.

गणितातही तेच झाले. गेऑर्ग कँटरने १८७०च्या दशकात ज्या सिद्धांताचा पाया घातला, त्याला इंग्रजीत सेट थिअरी म्हणतात आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत संच. सुरुवातीला ‘सेट’ आणि ‘क्लास’ हे दोन शब्द गणितज्ञ आलटून पालटून वापरत. १९०१ मध्ये बर्ट्रंड रसेलला आपला प्रसिद्ध विरोधाभास सापडला: जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा संच हा स्वतःचा घटक आहे की नाही? होय म्हटले तरी अडचण, नाही म्हटले तरी अडचण. त्यातून वाट काढताना पुढच्या पिढीने काही मांडण्यांत या दोन शब्दांत रेघ मारली. प्रत्येक सेट हा क्लास, पण काही क्लास इतके अवाढव्य की त्यांना सेट म्हणता येत नाही.

आता विरुद्धार्थी शब्दांकडे येतो, कारण खरा मालमसाला इथे आहे. इंग्रजीत विरुद्धार्थी शब्दासाठी ‘अँटोनिम’ ही संज्ञा रूढ केली ती सी. जे. स्मिथ यांच्या १८६७ सालच्या पुस्तकाने. पण तिच्याशिवायही पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ च्या आपल्या ‘थिसॉरस’मध्ये ते काम करून ठेवले होते. रॉजे पेशाने डॉक्टर, रॉयल सोसायटीचे चिटणीस, आणि पट्टी-गणकातल्या एका सुधारणेचे जनक. सारे शब्दभांडार त्यांनी सहा वर्गांत आणि १,००० कल्पनांत बसवले आणि जिथे शक्य तिथे परस्परविरोधी कल्पना एकाच पानावर समोरासमोर छापल्या. लोक आजही ते पुस्तक समानार्थी शब्द शोधायला उघडतात. त्यातल्या समोरासमोरच्या रकान्यांकडे लक्ष देणारे थोडे.

‘सेट’च्या विरुद्ध काय, असे कोणी विचारले तर उत्तर एकच नाही, आणि तेच महत्त्वाचे. सूर्य सेट होतो त्याच्या विरुद्ध उगवतो. जेली सेट होते त्याच्या विरुद्ध वितळते. हाड सेट करतात त्याच्या विरुद्ध ते निखळते. केस सेट केलेले असतात त्याच्या विरुद्ध विस्कटलेले. सेट केलेली किंमत म्हणजे ठरलेली, तिच्या विरुद्ध घासाघीस करण्याजोगी. वस्तूंचा सेट, त्याच्या विरुद्ध सुटा नग. जुन्या छापखान्यात जुळारी खिळे जुळवून मजकूर सेट करी आणि छपाई झाल्यावर तेच खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या घरात टाकी. त्याला डिस्ट्रिब्यूट करणे म्हणत, आणि त्या धंद्यात ‘सेट’चा विरुद्धार्थी शब्द तोच. अमेरिकेत जेवणाचे टेबल सेट करतात (ब्रिटिश त्याला ‘ले’ म्हणणे पसंत करतात) आणि जेवणानंतर क्लिअर करतात. इतक्या वेगवेगळ्या विरोधकांचा शब्द म्हणजे एकच अर्थ ताणलेला असणे शक्य नाही. जिथे विरोधक बदलला तिथे अर्थ बदलला, असे धरून मोजले तर ‘सेट’चे अर्थ ४३० होत नाहीत आणि २५ वर थांबतही नाहीत.

ही कसोटी वापरताना काही मजेशीर गोष्टी हाताला लागतात. ‘रीसेट’ घ्या. सामान्य इंग्रजीत त्याचा अर्थ पुन्हा सेट करणे. घड्याळ रीसेट केले म्हणजे ते पुन्हा लावले. पण संगणकातल्या फ्लिप-फ्लॉप परिपथात एक तार सेट करते, म्हणजे किंमत १ करते, आणि दुसरी रीसेट करते, म्हणजे ० करते. तिथे ‘पुन्हा’ नावाचे काही उरलेच नाही. रीसेट हा सेटचा चोख विरुद्धार्थी झाला. ‘अपसेट’ची कथा याहून न्यारी. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ होता उभे करणे, उभारणे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोच शब्द उलथवणे या अर्थाने दिसू लागला आणि जवळजवळ लगेच मन बिघडणे या अर्थानेही. म्हणजे शब्द स्वतःचाच विरुद्धार्थी होऊन बसला. खेळात बलाढ्य संघ हरला की ‘अपसेट’ म्हणतात, ते १९१९ साली मॅन ओ’ वॉर या अजिंक्य घोड्याला हरवणाऱ्या ‘अपसेट’ नावाच्या घोड्यावरून आले, अशी अमेरिकेत लोकप्रिय दंतकथा आहे. घोडा खरा, शर्यतही खरी, मॅन ओ’ वॉरचा तो एकमेव पराभव. पण खेळातला हा अर्थ १८७७ च्या वर्तमानपत्रांतही सापडतो. घोड्याचे नाव नुसते लागू पडले.

याहून नाजूक उदाहरण कोर्टातले. ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणे. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे ‘सेट असाइड’ केले, म्हणजे ते जपून राखले. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा हुकूम ‘सेट असाइड’ केला, म्हणजे तो रद्दबातल केला. एकात वस्तू टिकते, दुसऱ्यात ती संपते. इंग्रजी निकालपत्राची मराठी बातमी करताना ‘बाजूला ठेवला’ असे छापून येते तेव्हा वाचकाला वाटते, निकाल अजून यायचा आहे. आणि खेळातला विक्रम? विक्रम ‘सेट’ करणे आणि विक्रम ‘ब्रेक’ करणे हे शब्द म्हणून परस्परविरोधी. पण जो धावपटू जुना विक्रम ब्रेक करतो तोच त्याच क्षणी नवा सेट करतो. घटना एक, वर्णने उलटी.

इथेच या कसोटीची मर्यादाही दिसते. उदाहरण घालून देणे, आग लावणे, प्रश्नपत्रिका काढणे यांनाही इंग्रजीत ‘सेट’च वापरतात, पण त्यांना सरळ विरुद्धार्थी नाही. प्रश्नपत्रिका काढणारा आणि ती सोडवणारा हे विरोधक नसून एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. वर्डनेट करताना जॉर्ज मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवली: विरोध हा कल्पनांमध्ये असतो तितकाच शब्दांच्या जोड्यांमध्येही असतो. इंग्रजीत ‘बिग’ची जोडी ‘लिटल’शी आणि ‘लार्ज’ची ‘स्मॉल’शी. अर्थ तोच असूनही ‘लार्ज’ आणि ‘लिटल’ ही जोडी इंग्रजी कानाला खटकते. म्हणून त्या कोशात समानार्थी शब्दांचे गट केले, पण विरोधाची रेघ गटागटांत न ओढता शब्दाशब्दांत ओढली. मुंबईच्या आयआयटीत झालेल्या मराठी वर्डनेटमागेही गटांची हीच कल्पना आहे.

माणसाला मात्र हे सगळे मोजत बसावे लागत नाही. ‘सेट’ ऐकला की नेमका अर्थ त्याला कळतो. कसा? पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने वाक्यपदीयात याची एक यादीच दिली: संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, देश, काल आणि अशी बरीच. परंपरेत दिले जाणारे उदाहरण सैंधवाचे. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचे, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. राम लक्ष्मणाबरोबर आला तर तो दशरथाचा, आणि सहस्रार्जुनाच्या विरोधात आला तर तो परशुराम. ‘विरोध’ या यादीत आहे याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. शब्दाच्या समोर कोण उभे आहे यावरून तो कोण हे ठरते, ही गोष्ट अँटोनिम ही संज्ञा निघण्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधी आपल्याकडे नोंदवलेली होती. इंग्लंडमध्ये जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली, शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा अशा आशयाचे जे म्हटले ते भाषाशास्त्रात फार गाजले. हेच फर्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्यांना भर्तृहरी ठाऊक होता असे सुचवायचा माझा हेतू नाही. एवढेच की विचार नवा नव्हता.

संगतीच्या या मार्गाने अगदी टोकाला गेले ते अ‍ॅडम किलगॅरिफ. आपला शब्दांच्या ‘अर्थांवर’ विश्वासच नाही, असे शीर्षक देऊन त्यांनी १९९७ साली निबंध लिहिला, आणि गंमत म्हणजे तो लिहिणारा माणूस कोशांच्याच जगातला होता. कोशातले क्रमांकित अर्थ ही संपादकाने सोयीसाठी केलेली विभागणी; भाषेत असतात ते फक्त वापर आणि वापरांचे पुंजके, हे त्यांचे प्रतिपादन. आजची संगणकी भाषाप्रारूपे याच वाटेने चालतात. त्यांच्या पोटात ‘सेट’चे ४३० कप्पे नसतात, आजूबाजूच्या शब्दांप्रमाणे त्या शब्दाला दर वाक्यात वेगळी जागा मिळते. मला किलगॅरिफ अर्धे पटतात. कप्पे कृत्रिम आहेत हे खरे. पण भाषा शिकणाऱ्याला आणि भाषांतर करणाऱ्याला पुंजका देऊन भागत नाही, त्याला कुठेतरी रेघ लागतेच.

रेघ कुठे मारायची याची गंमत मराठी माणसाला घरबसल्या पाहायची असेल तर ‘लागणे’ घ्यावे. भूक लागते, आग लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, ठेच लागते, बोलणे लागते, आंबा गोड लागतो, घाटात बस लागते, वाटेत नदी लागते, पोर रडू लागते. इंग्रजीत दही ‘सेट’ होते, आपल्याकडे तेही लागते. आता विरोधक मांडा. भूक भागते, दिवा विझतो, झोप उडते किंवा मोडते, नाद सुटतो, सुतक फिटते, ग्रहण सुटते, लग्न मोडते. ग्रहण आणि नाद दोन्ही ‘सुटतात’, म्हणजे मराठी मनाने त्यांना एका गठ्ठ्यात घातले आहे: बाहेरून येऊन धरणाऱ्या गोष्टी. दिवा आणि आग दुसऱ्या गठ्ठ्यात. वाटेत लागलेल्या नदीला विरोधकच नाही. नुसते समानार्थी शब्द लिहून ही विभागणी हाती आली नसती. मोल्सवर्थने १८३१ साली आणि मग १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘लागणें’ची लांबलचक नोंद इंग्रजी अर्थांनी भरून काढली, एका बाजूला मराठीतले लागणे, दुसऱ्या बाजूला त्यासाठी इंग्रजीने पाठवलेली शब्दांची फौज.

आणि आता ‘सेट’ स्वतःच मराठी झाला आहे, त्यामुळे मराठी कोशकारालाही त्याची नोंद करावीच लागेल. ती इंग्रजी नोंदीची नक्कल असून चालणार नाही. पोरगा पुण्यात ‘सेट झाला’ म्हणजे नोकरी, घर, संसार मार्गी लागला. इंग्रज तिथे ‘सेटल’ म्हणेल. याच्या विरुद्ध ‘अजून चाचपडतोय’. क्रिकेटमध्ये ‘सेट झालेला फलंदाज’ म्हणजे खेळपट्टीचा अंदाज आलेला. याच्या विरुद्ध नुकताच मैदानात उतरलेला, बाद झालेला नव्हे. ‘सेटिंग’ हा तर खास आपला शब्द: निवडणुकीत, टेंडरात किंवा बदलीच्या प्रकरणात आतून केलेली जुळवाजुळव. ती मोडत नाही, फिसकटते. म्हणजे याच क्रियापदावरून तिचा अर्थ लग्नाच्या बोलण्यांच्या जवळ जातो. आणि नोंदीच्या शेवटी एक वेगळा मथळा द्यावा लागेल. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती प्राध्यापकपदाच्या पात्रतेची ‘सेट’ परीक्षा हा तीन आद्याक्षरांचा तिसराच शब्द आहे. त्याचा बसवण्याशीही संबंध नाही आणि पंथाशीही नाही. महाविद्यालयांच्या आवारात त्याचा जोडीदार विचारा, उत्तर ठरलेले: ‘नेट’.